घरच्या टेबलावर १:२० ची बोलेरो : टेप लावण्यापासून चाकावरच्या चिखलापर्यंत

तुमचं मॉडेल बघून कुणी “मस्त झालंय, पण गाडी कोणती?” असं विचारलं, तर रंगाला दोष देऊ नका. चूक बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी, टेप आणि कागदाच्या कामात झालेली असते. गाडी ओळखू येते ती काचांच्या आकारावरून आणि चाकांच्या जागेवरून. ह्या दोन गोष्टी बरोबर असतील तर हाताने मारलेला रंगसुद्धा खपून जातो. त्या चुकल्या, तर वर कितीही चकाकी चढवा, उपयोग नाही.

दुसरी नेहमीची गडबड क्रमाची. काचा बसवून मग रंग, पुट्टी ओली असतानाच प्रायमर, बॉडी बंद केल्यावर सीट आत घालायची खटपट. म्हणून खाली कामं ज्या क्रमाने दिली आहेत, त्याच क्रमाने करा.

उदाहरणाला बोलेरो घेतली आहे. मराठवाड्यात ती शोधावी लागत नाही. मोंढ्यात, तहसीलसमोर, गुत्तेदाराच्या दारात, कुठेही उभी सापडते. तिचे पत्रे बऱ्यापैकी सपाट आहेत, त्यामुळे शीट कापून बनवायला ती सोयीची. पहिलंच मॉडेल म्हणून स्विफ्ट किंवा तसली गोलमटोल गाडी घेऊ नका. तिच्या पत्र्याला सगळीकडे दुहेरी वळण आहे आणि सपाट शीट दोन दिशांना एकदम वळत नाही.

## १. गाडी आणि प्रमाण ठरवा

आधी नेमकी कोणती बोलेरो, ते पक्कं करा. २०१६ मध्ये चार मीटरच्या आतली बोलेरो आली. तिची लांबी ३९९५ मिमी. त्याआधीची ४१०७ मिमी होती. व्हीलबेस (पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर) दोन्हींचा २६८० मिमीच. म्हणजे फरक चाकांच्या मधे नाही, चाकांच्या बाहेर आहे. इंटरनेटवरून जुन्या गाडीचा समोरचा फोटो आणि नव्या गाडीचा बाजूचा फोटो उचलून एकच आराखडा काढणारे पुष्कळ आहेत. १:२० मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या विसाव्या भागात, ही चूक साडेपाच मिलिमीटरची होते आणि ती लपत नाही.

प्रमाण म्हणून मी १:२० सुचवतो. बाजारात मिळणारी किट बहुतेक १:२४ किंवा १:२५ ची असतात, डायकास्ट (धातूच्या तयार) गाड्या १:१८, १:४३, १:६४ च्या. तुम्हाला तयार चाकं, सीट, स्टिअरिंग विकत घेऊन लावायची असतील तर १:२४ घ्या. सगळं हाताने करायचं असेल तर १:२० ला हिशेब सोपा पडतो : खऱ्या मापाचे निम्मे करून एक शून्य उडवा. शिवाय बाजूचं पूर्ण चित्र ए-फोर कागदावर बसतं.

कंपनीची मापं १:२० मध्ये अशी होतात. लांबी ३९९५ ची १९९.८ मिमी, रुंदी १७४५ ची ८७.३, उंची १८८० ची ९४, व्हीलबेस २६८० चा १३४. रुंदीत बाजूचे आरसे धरलेले नसतात आणि उंचीत तुमच्या गावातल्या गाडीवरचं कॅरिअर नसतं, हे ध्यानात ठेवा.

## २. खऱ्या गाडीची मापं घ्या

कंपनीच्या चार आकड्यांवर मॉडेल होत नाही. मालकाला विचारून, गाडी सिमेंटच्या सपाट जागेवर उभी करून घ्या आणि टेप, ओळंबा, वही घेऊन तासभर काढा. एकाने मापायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, असं केलं तर बरं.

पहिली मापं आडवी. पुढच्या चाकाच्या मध्यापासून बंपरच्या टोकापर्यंत, मधला व्हीलबेस, मागच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या टोकापर्यंत. मागच्या दारावर स्टेपनी आहे. ती धरून आणि न धरून अशी दोन्ही मापं लिहा.

मग उभी. जमिनीपासून दाराच्या खालच्या कडेपर्यंत, काचेच्या खालच्या ओळीपर्यंत, काचेच्या वरच्या कडेपर्यंत आणि छतापर्यंत. त्यानंतर प्रत्येक काच : वरची लांबी, खालची लांबी, दोन्ही बाजूंची उंची. काचेचे कोपरे किती गोल आहेत ते बघायला रुपयाची, पाचाची, दहाची नाणी लावून बघा आणि जे जुळेल ते वहीत लिहा. मधल्या खांबांची रुंदी वेगळी मापा. बहुतेक मॉडेलांत खांब जाड होतात, मग काचा बारीक दिसतात आणि गाडीच अनोळखी होते.

आता जे माप जवळजवळ कुणीच घेत नाही ते. गाडीची बाजू जमिनीला काटकोनात नसते. कंबरेच्या वर ती आत झुकते. छतावर (कॅरिअर असेल तर त्याला बांधून) एक काठी आडवी ठेवा, तिचं टोक हातभर बाहेर काढा आणि तिथून गवंड्याचा ओळंबा सोडा. दोरा शांत झाला की जमिनीपासून दर २० सेंटीमीटरला, दोऱ्यापासून पत्र्यापर्यंतचं आडवं अंतर मापा. आठ-नऊ आकडे मिळतील. ते आलेखाच्या कागदावर टिंबं देऊन जोडले की बाजूच्या पत्र्याचा खरा बाक समोर येतो. ज्यांनी हे केलेलं नसतं त्यांची गाडी पत्र्याच्या पेटीला चाकं लावल्यासारखी दिसते. वारा असेल तर हे काम करू नका. दोरा हलला की आकडे खोटे.

बॉनेटच्या कडेचा किंवा चाकाच्या कमानीचा बाक घ्यायला सोल्डरची जाड मऊ तार घ्या. पत्र्यावर आधी कापड, त्यावर तार. तार दाबून आकार घ्यायचा आणि तशीच उचलून कागदावर रेघ मारायची. कापड विसरलात तर मालक पुढच्या वेळी दारात उभं करणार नाही.

फोटो काढताना जवळ जाऊ नका. मोबाइलने दोन-तीन मीटरवरून काढलेल्या फोटोत जवळचा भाग फुगतो, लांबचा आकसतो. पंधरा-वीस पावलं मागे जा, झूम करा, खाली बसा आणि मोबाइल गाडीच्या अर्ध्या उंचीवर धरा. बाजू, समोर, मागे हे तीन सरळ फोटो. बाकी दाराची मूठ, वायपर, आरसा, दिवे यांचे जवळचे हवे तेवढे.

तपासणी : बाजूच्या फोटोत व्हीलबेस मापा आणि त्याला टायरच्या आडव्या व्यासाने भागा. टायर २१५/७५ आर १५ असेल तर रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. टायरची भिंत २१५ च्या ७५ टक्के म्हणजे १६१ मिमी, ती वर आणि खाली अशी दोनदा. एकूण व्यास साधारण ७०३ मिमी. २६८० ला ७०३ ने भागलं की ३.८ येतं. फोटोतून ३.६ किंवा ४ आलं तर फोटो तिरपा आहे किंवा टायर वेगळ्या मापाचे घातले आहेत. गावात दुसरी शक्यताही कमी नाही, म्हणून टायरवरचा आकडा वाचून घ्या.

## ३. आराखडा आणि प्रिंट

बाजू, समोर, मागे, वरून अशी चार चित्रं एकाच प्रमाणात काढा. आलेखाच्या कागदावर हाताने काढली तरी चालतात. काँप्युटरवर काढली तर आरसा-प्रत करायला सोपं जातं. मात्र जी उंची बाजूच्या चित्रात आहे तीच समोरच्या चित्रात आली पाहिजे. चारही चित्रं शेजारी ठेवून पट्टीने रेघ पुढे नेऊन बघा. काचेची खालची ओळ दोन चित्रांत दोन उंचीवर असेल, तर बॉडी जोडताना कोपऱ्यात फट पडणारच.

झेरॉक्सच्या दुकानात एक घोळ हमखास होतो. प्रिंट देताना “फिट टू पेज” चालू राहतं आणि चित्र तीन-चार टक्क्यांनी आकसून येतं. नजरेला कळत नाही. चित्राच्या कडेला बरोबर १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा आणि दुकानातच पट्टी लावून बघा. ९७ भरली तर प्रिंट परत मागा.

## ४. साहित्य जमवा

बॉडीसाठी १ मिमी जाडीची पांढरी स्टायरीन (प्लास्टिकची) शीट सगळ्यात चांगली. तालुक्याच्या गावी ती मिळत नाही, ऑनलाइन मागवावी लागते. फ्लेक्सच्या दुकानात मिळणारा ३ मिमी सनबोर्ड (फोमसारखा हलका प्लास्टिकचा बोर्ड) बरेच जण थेट बॉडीला वापरतात, तो टाळा. १:२० मध्ये ३ मिमी म्हणजे खऱ्या गाडीत सहा सेंटीमीटर जाडीची भिंत. खिडकीतून तेवढी जाड कड दिसली की खेळणं वाटतं. शिवाय कापलेली कड भुसभुशीत राहते. सनबोर्ड मॉडेलखालच्या पाटाला आणि आतल्या आधाराला ठीक आहे.

छोट्या भागांना पीव्हीसीची कोरी ओळखपत्रं उत्तम. कार्ड छापून देणाऱ्या दुकानात बिघडलेली पडून असतात. जाडी ०.७६ मिमी, आकार ८५.६ गुणिले ५४, पृष्ठभाग गुळगुळीत. दार, बॉनेट, डॅशबोर्ड यांना ती पुरतात. अख्खी बाजू मात्र त्यात बसत नाही.

बाकी यादी अशी : ब्लेड बदलता येणारा बारीक कटर, स्टीलची पट्टी, गुण्या, हाताने फिरवायचा छोटा ड्रिल, सुया-कानस, वॉटर पेपर ४००, ८००, १००० आणि २००० नंबरचे, एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी, प्रायमर, चांगल्या प्रतीची मास्किंग टेप, काचांसाठी ओएचपी शीट (प्रोजेक्टरची पारदर्शक प्लास्टिक शीट). स्टायरीन शीट आणि पीव्हीसी यांना वेगवेगळा गोंद वापरा. स्टायरीनला प्लास्टिक सिमेंट लागतं, ते दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतं. कार्डाचं पीव्हीसी फेविक्विकने धरतं.

रंग ह्या टप्प्यावर विकत घेऊ नका. हौसेने आधी रंग आणून ठेवला की हात रंगाकडेच ओढला जातो.

## ५. आधी चाकं आणि चेसिस

बहुतेक जण बॉडीपासून सुरुवात करतात आणि चाकं शेवटी “बघू” म्हणून सोडतात. मग जे खेळण्यातलं चाक मिळेल ते बसवायचं आणि कमानी कापत सुटायचं. उलट करा.

१:२० मध्ये टायरचा व्यास ३५.२ मिमी आणि रुंदी जेमतेम ११ मिमी. ह्या मापाचं तयार चाक मिळालं तर उत्तम. नाही तर शीटच्या चकत्या एकावर एक चिकटवून, मधे भोक पाडून, खिळ्यावर बसवून ड्रिलमध्ये फिरवत वॉटर पेपरने गोल करा. एक चाक मनासारखं झालं की सिलिकॉनचा साचा करून रेझिनची पाच ओता. स्टेपनीला पाचवं लागतंच. थ्रीडी प्रिंट करून देणारा ओळखीचा असेल तर चाकं आणि समोरची जाळी एवढंच त्याच्याकडून घ्या. प्रिंटवरच्या बारीक रेघा घासाव्या लागतात, आणि सगळी बॉडी प्रिंट केलीत तर घासण्यातच महिना जाईल.

गाडीच्या वजनाने खरा टायर जमिनीवर थोडा बसतो. मॉडेलच्या प्रत्येक टायरचा तळ अर्धा-पाऊण मिलिमीटर सपाट घासा. करायला दोन मिनिटं लागतात, पण गाडीला वजन येतं. सपाट बाजू खाली येईल अशी चाकं शेवटी पक्की चिकटवायची. फिरणारी चाकं हवी असतील तर हे सोडून द्या.

बोलेरोची चेसिस शिडीची आहे : दोन लांब दांडे, मधे आडव्या पट्ट्या. मागच्या ॲक्सलला पाटे आहेत. पाटे दाखवायचे तर कार्डाच्या पट्ट्या एकापेक्षा एक आखूड कापून, वाकवून एकत्र चिकटवा. तळ कुणी बघणार नसेल तर चेसिसवर जीव काढू नका. चाकांची उंची आणि जागा बरोबर आली की पुरे. चेसिसला मधोमध दोन नट आत्ताच बसवून घ्या. शेवटी गाडी पाटाला बोल्टने आवळायला ते लागणार आहेत.

तपासणी : चेसिस काचेच्या तुकड्यावर ठेवा. चारही चाकं टेकली पाहिजेत. एका चाकाखालून कागद सरकत असेल तर आत्ताच सरळ करा.

## ६. बॉडी कापणं आणि जोडणं

डावी आणि उजवी बाजू एकदम कापा. दोन शीट दुहेरी टेपने एकमेकींना चिकटवा, वर आराखडा चिकटवा. आधी खिडक्या, मग बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली तर खिडकी कापताना धरायला जागा राहत नाही आणि बारीक खांब मोडतो.

खिडकीच्या चारही कोपऱ्यांत ड्रिलने भोक पाडा, मग भोकापासून भोकापर्यंत ब्लेड ओढा. एका दमात आरपार कापायला जाऊ नका. पहिला हात हलका, रेघ पडण्यापुरता. दुसरा त्याच रेघेतून. पाचव्या-सहाव्या हाताला शीट सुटते. जोर लावलात की ब्लेड पट्टी सोडून खांबात शिरतं. भोकं आतल्या बाजूला अर्धा मिलिमीटर राखून पाडा. गोलाई नंतर कानशीने आणायची.

दोन्ही बाजू सुट्या केल्या की लगेच आतल्या बाजूला पेन्सिलने “आत-डावी”, “आत-उजवी” लिहा. दोन डाव्या बाजू तयार होणं ऐकायला गमतीचं वाटतं, पण पुढची रेघ दोन्हींवर बाहेरूनच ओढायची आहे.

ती रेघ म्हणजे दाराची फट. इथे थोडं थांबा, कारण मॉडेल खरं दिसणं किंवा न दिसणं इथे ठरतं. खऱ्या गाडीत दाराची फट चार-पाच मिलिमीटर असते. १:२० मध्ये ती पाव मिलिमीटर होते. कटरच्या सरळ धारेने रेघ मारली की ती व्ही आकाराची होते, दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि रंगात ती नांगरलेल्या तासासारखी दिसते. ब्लेड उलटं धरा, पाठीच्या टोकाने ओढा. त्याने शीटचा बारीक केस निघून येतो आणि चौकोनी खाच पडते. पट्टी टेपने पक्की चिकटवा, पहिले तीन-चार हात नुसत्या ब्लेडच्या वजनाने. कोपऱ्यावर वळताना थांबा, ब्लेड उचला, दुसऱ्या बाजूने येऊन कोपऱ्यात मिळवा. रेघ घसरली तर त्या जागी पुट्टी भरून, सुकवून, घासून पुन्हा ओढा. त्याच घसरलेल्या रेघेवर हात फिरवत राहिलात तर ती रुंद होत जाते. रंगाचे थर ह्या खाचेत बसणार आहेत, म्हणून खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवा.

आता ओळंब्याने मिळालेला बाक. त्या आकाराचे तीन आडवे साचे कापा : एक डॅशबोर्डच्या जागी, एक मधल्या खांबाशी, एक मागे. हे साचे जमिनीशी काटकोनात उभे करा आणि त्यांना दोन्ही बाजू चिकटवा. शीट साच्याला टेकून आपोआप झुकते. बाक जास्त असेल तिथे शीटच्या आतून आडव्या हलक्या खाचा मारल्या तर ती न मोडता वळते. मधला साचा सीटच्या आड लपला पाहिजे, नाही तर खिडकीतून भिंत दिसेल.

छत अजून चिकटवू नका. सीट, डॅशबोर्ड, स्टिअरिंग हे सगळं वरूनच आत जाणार आहे. मागच्या बाजूला समोरासमोर बसायच्या आडव्या सीट असतात, त्या विसरू नका. मागच्या मोठ्या काचेतून सरळ दिसतात. छत नुसतं ठेवता-काढता येईल असं बसवून बघा.

इशारा : प्लास्टिक सिमेंट आणि फेविक्विक दोन्हींचे वास बंद खोलीत डोकं धरतात. खिडकी उघडी ठेवा. लहान मुलं शेजारी बसून बघत असतील तर ह्या कामापुरतं त्यांना लांब बसवा.

## ७. पुट्टी आणि घासकाम

सांधे पुट्टीने भरताना पातळ थर द्या. एनसी पुट्टीत थिनर असतो. जाड थर दिला तर वरून सुकतो, आत ओला राहतो, नंतर आकसून खड्डा पडतो. वर तोच थिनर शीटलाही मऊ करतो. एक थर, रात्रभर विश्रांती, मग घासणं, मग दुसरा.

घासताना वॉटर पेपर बोटाला गुंडाळू नका. सपाट पत्र्यावर बोटाच्या आकाराचे खळगे पडतात. पेपर लाकडाच्या तुकड्यावर किंवा खोडरबरावर चिकटवा. घासून झाल्यावर भाग धुवायला बोअरचं पाणी वापरलंत तर सुकल्यावर पांढरे क्षार दाराच्या रेघांत बसतात आणि प्रायमरखाली खरखर राहते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीला कसा थर चढतो ते तुम्हाला माहीत आहे. शेवटचं धुणं आरओ फिल्टरच्या पाण्याने करा.

## ८. प्रायमर आणि रंग

आधी त्याच शीटच्या तुकड्यावर प्रायमर मारून बघा. गॅरेजमधले काही प्रायमर आणि त्यांचे थिनर स्टायरीनला खातात; पृष्ठभागावर जाळी पडते किंवा भाग वाकतो. तुकडा दुसऱ्या दिवशीही ठणठणीत असेल तरच पुढे जा.

करड्या प्रायमरचा पहिला पातळ हात म्हणजे आरसा आहे असं समजा. पुट्टीत न दिसलेला प्रत्येक चरा त्यात दिसतो. परत पुट्टी, परत घासणं, परत प्रायमर. इथे कंटाळून पुढे जाणाऱ्यांची मॉडेलं फक्त लांबूनच चांगली दिसतात.

रंगाची वेळ हवामान बघून ठरवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीच्या पुढे असतो. डब्यातून निघालेला स्प्रे पत्र्यावर पोचेपर्यंत हवेतच अर्धा सुकतो आणि अंगावर रवा पेरल्यासारखी खरखर बसते. सकाळी सात-आठच्या आत काम उरका. कूलर बंद ठेवा. तो ओलसर हवेबरोबर धूळही फेकतो. फरशीवर आधी पाणी शिंपडून धूळ बसवा, मग दार लावा, मात्र एक खिडकी हवेला उघडी राहू द्या. पावसाळ्यात अडचण उलटी असते. दमट हवेत एनसी रंगावर पांढरट धुकं चढतं. झड लागलेली असेल तर रंगाचं काम बाजूला ठेवून सीट शिवत बसा.

वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून, भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवत, पातळ हात मारा. दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. पांढऱ्या रंगाला हात जास्त लागतात, कारण तो खालचं लवकर झाकत नाही. एकदम झाकायला गेलात तर तो दाराच्या रेघेत साठतो आणि टप्पा ६ ची सगळी मेहनत बुजते.

ऑइल पेंटवर एनसी रंग मारू नका, सुरकुत्या येतात. एनसी खाली आणि ऑइल पेंट वर, असं मात्र चालतं.

खालच्या काळ्या पट्टीसाठी मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी पांढराच एक पातळ हात मारा. फटीतून जे झिरपायचं ते पांढरंच झिरपतं, मग त्यावर काळा मारा. टेप काढताना सरळ वर ओढू नका. मागे दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ लागून हळू ओढा.

इशारा : स्प्रेचा डबा उन्हात, गाडीत किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका. रंग मारताना तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क घ्या. खोलीत दिवा, उदबत्ती, विडी काही नको.

## ९. काचा, दिवे, जाळी

रंग सुकायला आठवडा द्या, मग काचा. ओएचपी शीट आतून, खिडकीपेक्षा दोन मिमी मोठी कापून लावा. फेविक्विक इथे चालत नाही. त्याच्या वाफेने काचेवर पांढरा धूर बसतो आणि तो पुसला जात नाही. पांढरं फेविकॉल सुईच्या टोकाने कडेला लावा, सुकल्यावर ते पारदर्शक होतं. काचेभोवतीचं काळं रबर काच लावण्याआधी खिडकीच्या कडेवर रंगवून घ्या.

हेडलाइटसाठी आत चांदी, वर पारदर्शक तुकडा, असे दोन थर लागतात. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटामागचं चंदेरी पान आतल्या खोबणीत दाबून बसवा. वरच्या काचेवर पट्टीने अगदी हलक्या उभ्या रेघा ओढल्या तर दिव्याची खरी काच वाटते. इंडिकेटरला पारदर्शक तुकड्याच्या मागून नारिंगी मार्कर पुरतो. जाळीतल्या पट्ट्या फोटोत मोजून घ्या, अंदाजाने कापू नका.

आता सीट आत, मग छत कायमचं चिकटवा. आरसे, वायपर, दाराच्या मुठी सगळ्यात शेवटी. हात लागून तुटणाऱ्या ह्याच गोष्टी.

## १०. नंबर प्लेट आणि स्टिकर

प्लेट खऱ्या मापात हवी. लांब प्लेट ५०० गुणिले १२० मिमीची असते, म्हणजे मॉडेलवर २५ गुणिले ६. चौकोनी प्लेट ३४० गुणिले २००, म्हणजे १७ गुणिले १०. खाजगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरं, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळी. आरटीओचा आकडा चुकला तर गावातलं पोरगंही चूक काढतं : छत्रपती संभाजीनगर २०, जालना २१, परभणी २२, बीड २३, लातूर २४, धाराशिव २५, नांदेड २६, हिंगोली ३८, अंबाजोगाई ४४. कुणाच्या खऱ्या गाडीचा पूर्ण नंबर न विचारता टाकू नका. ८०५५ ला “बॉस” वाचायला लावणारी प्लेट खऱ्या गाडीवर नियमाबाहेरची. मॉडेलवर मात्र आरटीओ येत नाही.

पाण्याचे डेकल (पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर) लावताना पुन्हा आरओ फिल्टरचंच पाणी. क्षार इथे डेकलच्या खाली अडकतात आणि पांढरी कड कायमची राहते.

## ११. धूळ आणि चिखल

परदेशी व्हिडिओ बघून लोक गाडीवर तांबडी धूळ मारतात. आपल्याकडच्या काळ्या रानातली वाळलेली धूळ करडी-तपकिरी असते. मुरमाच्या रस्त्यावरची पिवळसर-तांबूस. गाडी कुठून आली आहे ते आधी ठरवा, मग रंग.

खरी काळी माती वस्त्रगाळ करून वापरता येते, पण ती ओली झाली की फुगते आणि वाळताना भेगाळते. फेविकॉलमध्ये कालवून जाड लेप दिलात तर दोन दिवसांत तुमच्या गाडीवर मे महिन्याचं वावर दिसेल. पातळ घ्या. मॅट वार्निशमध्ये चिमूटभर माती, जुन्या टूथब्रशवर घेऊन बोटाने उडवायची. जिथे खरा चिखल उडतो तिथेच : कमानीच्या आत, चाकामागे, मागच्या बंपरच्या खाली. छतावर चिखल नसतो, तिथे फक्त धूळ. वायपर फिरतो तेवढा अर्धगोल स्वच्छ ठेवायला काचेवर आधी टेप कापून लावा.

अर्ध्यावर थांबा, रात्रभर ठेवा, सकाळी उजेडात बघा. चिखल वाढवता येतो, कमी करता येत नाही.

## १२. पाटावर बसवणं आणि वाहतूक

चेसिसमधल्या नटांत पाटाखालून दोन बोल्ट आवळा. मॉडेल गोंदाने पाटाला चिकटवू नका. दुरुस्तीला काढावं लागतंच. वरून अॅक्रेलिकचं झाकण फ्लेक्सवाल्याकडून मापाने करून घ्या, गाडीभोवती सगळीकडून बोटभर जागा राहील असं. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवू नका, सपाट भाग वाकतात.

स्पर्धेला किंवा प्रदर्शनाला एसटीने न्यायचं असेल तर पाटच खोक्याच्या तळाला स्क्रूने आवळा म्हणजे मॉडेलला कशाचाही आधार द्यावा लागत नाही. नव्या रंगाला थर्माकोल चिकटतो आणि वर्तमानपत्राची शाई उतरते. रंगाला पंधरा-वीस दिवस झाल्याशिवाय बबल रॅपही अंगाला लावू नका. बॉनेटवर गोल गोल ठसे उमटतात आणि ते काढायला पुन्हा २००० नंबरचा पेपर घेऊन बसावं लागतं.